तोच किल्ला, तोच राक्षस!



भोपळ्यात बसून घरी परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेलच. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला रानात कोल्हा भेटतो, वाघ भेटतो. लेकीकडून धष्टपुष्ट होऊन परत येते, तेव्हा खुशाल खा, असे सांगून ती आपली सुटका करून घेते. परतीच्या वेळी तेच रान, तीच वाट आणि तेच प्राणी. ही गोष्ट ऐकताना, "आजी, हाच वाघ पुन्हा कशाला? दुसरा एखादा प्राणी आण की!" अशी तक्रार आपल्यापैकी कोणी केली होती काय? उलट, तोच वाघ पुन्हा भेटणार हे माहीत होते, म्हणूनच आपण श्वास रोखून ऐकत होतो.

व्हिडिओ गेममध्ये हेच घडले की मात्र आपण नाराज होतो. उड्या मारीत, खड्डे चुकवीत, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जात पुढे सरकण्याचे जे खेळ असतात, त्यांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. अशा खेळाचे अनेक टप्पे असतात. त्यांना तुम्ही लेव्हल म्हणता. काही टप्प्यांच्या शेवटी एक दांडगा शत्रू वाट अडवून उभा असतो, तो बॉस. गाजलेल्या जुन्या खेळांत कित्येकदा असे होते, की पंधरा-वीस टप्पे पार केल्यावर एखादा टप्पा ओळखीचा वाटू लागतो. पाहावे तर काय, सुरुवातीला खेळलेलाच टप्पा पुन्हा समोर! मारलेला बॉस पुन्हा उभा! मग खेळणारा चिडून म्हणतो, "खेळ करणाऱ्यांनी आळस केला. नवे काही सुचले नाही, म्हणून जुनेच पुन्हा आमच्या गळ्यात मारले."

ही तक्रार कितपत खरी आहे, हे आज आपण तपासून पाहू. माझे मत आधीच सांगून टाकतो. पुन्हा येणे हा दोष नव्हे. काहीच न बदलता पुन्हा येणे, हा दोष. हा फरक नीट ध्यानात आला, तर त्याचा उपयोग खेळापुरता राहणार नाही. तुमच्या अभ्यासातही तो कामास येईल.

चाळीस किलोबाइटांचा संसार

उदाहरण म्हणून १९८५ साली जपानच्या निंटेंडो कंपनीने काढलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ घेऊ. यात आठ जगे आहेत आणि प्रत्येक जगात चार टप्पे. म्हणजे एकूण ३२ टप्पे. हा सारा खेळ ज्या पेटीत मावला होता, तिची साठवणक्षमता होती फक्त ४० किलोबाइट. त्यातले ३२ किलोबाइट आज्ञा आणि टप्प्यांची माहिती यांसाठी, तर ८ किलोबाइट चित्रांसाठी. आज मोबाईलवर काढलेले एक छायाचित्र २ मेगाबाइटचे धरले, तरी तेवढ्या जागेत असे पन्नास खेळ बसतील!

आता थोडे गणित करू. पडद्यावरची खेळाची जागा म्हणजे चौकटींचा कागद समजा. आडव्या १६ आणि उभ्या १३ चौकटी. म्हणजे एका पडद्यावर १६ × १३ = २०८ चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीत काय आहे (वीट, पाइप की मोकळे आकाश) हे नोंदवायला एक बाइट लागतो असे धरू. एक टप्पा बारा पडद्यांइतका लांब मानला, तर एका टप्प्याला २,४९६ बाइट लागतील. बत्तीस टप्प्यांना ७९,८७२ बाइट, म्हणजे सुमारे ७८ किलोबाइट! संपूर्ण पेटीच्या जवळजवळ दुप्पट जागा नुसते टप्पे खाऊन टाकतील. मग खेळ बसला तरी कसा?

खेळ रचणाऱ्यांनी चौकटी नोंदवल्याच नाहीत. त्यांनी नोंदवल्या वस्तू. "अमुक ठिकाणी पाइप," "अमुक ठिकाणी विटांची रांग" अशी प्रत्येक वस्तूची नोंद केवळ दोन बाइटांत केली. मोकळ्या आकाशाची नोंद करण्याचे कारणच उरले नाही. एखाद्या टप्प्यात अशा साठ वस्तू आहेत असे मानले, तर १२० बाइटांत काम भागते. कुठे २,४९६ आणि कुठे १२०!

चित्रांच्या बाबतीतही हाच हात राखून खर्च. आठ किलोबाइटांत चित्रांचे ५१२ चिमुकले तुकडे मावतात, आणि ते जुळवून सारे दृश्य उभे करायचे असते. या खेळातला आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप नीट न्याहाळून पाहा. दोघांचा आकार एकच आहे! पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. लक्षावधी मुलांनी हा खेळ खेळला, पण त्यातल्या बहुतेकांच्या हे ध्यानातही आले नाही. तुमच्या आले होते काय?

एका बिटाची करामत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या खेळातले ३२ टप्पे सगळेच वेगळे नाहीत. पहिल्या जगातला तिसरा टप्पा पाचव्या जगात तिसरा म्हणून पुन्हा येतो. पहिल्या जगातला चौथा सहाव्यात चौथा म्हणून, तर दुसऱ्या जगातला चौथा पाचव्यात चौथा म्हणून भेटतो. दुसऱ्या जगातले दुसरा आणि तिसरा हे टप्पे सातव्या जगात त्याच क्रमांकांवर हजर होतात. म्हणजे पाच टप्पे दोनदा आले. खऱ्या अर्थाने निराळे टप्पे सत्तावीसच.

"पाहा, म्हणजे आळसच!" असे कोणी म्हणेल. पण थांबा. पाच टप्पे पुन्हा वापरून वाचले किती? आपल्या हिशेबाने ५ × १२० = ६०० बाइट. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे, आणि त्या काळी एकेका बाइटाला मोल होते हेही खरे. तरी चाळीस किलोबाइटांत सहाशे बाइट म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. तेव्हा केवळ काटकसर पाहून या पुनरावृत्तीची किंमत ठरवता येणार नाही. खेळणाऱ्याच्या पदरात तिने काय टाकले, हे पाहिले पाहिजे.

पहिल्या जगातल्या तिसऱ्या टप्प्यात आपण उंच झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारीत जातो. पाचव्या जगात तीच झाडे, तितक्याच अंतरावर. पण वर-खाली सरकणाऱ्या फळ्या आता आखूड झालेल्या असतात, आणि समोरून तोफेचे गोळे येऊ लागतात. हा बदल मोठ्या युक्तीने केला आहे. टप्प्यातल्या शत्रूंच्या यादीत काही नोंदींवर एका बिटाची खूण असते. बिट म्हणजे शून्य किंवा एक, माहितीचा सर्वांत लहान कण. ती खूण सांगते, "हा शत्रू आत्ता नको, पुढच्या फेरीत आण." पहिल्या वेळी यंत्र त्या नोंदी सोडून देते, दुसऱ्या वेळी त्या जिवंत होतात. यादी एकच, जमीन एकच, पण खेळ दोन!

यात तुम्हाला प्रयोगशाळेतला एखादा नियम आठवतो काय? एका गोष्टीचा परिणाम पाहायचा असेल, तर बाकीच्या गोष्टी कायम ठेवा आणि तेवढी एकच बदला. दोलकाचा आवर्तकाल लांबीवर अवलंबून आहे की नाही हे पाहताना आपण एकाच वेळी दोराही बदलत नाही आणि गोळाही बदलत नाही. इथेही तसेच. झाडे तीच असल्यामुळे फळी आखूड झाल्याने काय अडचण होते, ते खेळणाऱ्याला स्वच्छ कळते. संपूर्ण नवा टप्पा समोर टाकला असता, तर आपण कशामुळे पडलो हे त्याला उमगलेच नसते.

सात तोतये आणि एक खरा

या खेळातला बॉस आहे बाउझर. काटेरी पाठीचा, आग ओकणारा कासवराजा. प्रत्येक जगाच्या शेवटी किल्ल्यातल्या पुलावर तो भेटतो. म्हणजे तो एकूण आठ वेळा भेटतो! पण पहिले सातही तोतये असतात. नुसती पुलाची कुऱ्हाड पळवून त्याला खाली पाडले, तर हे गुपित कळत नाही. आगीचे गोळे मारून हरवले, तर मात्र सोंग गळून पडते आणि आतला किरकोळ शत्रू उघडा पडतो. पहिल्या जगात तो असतो गूंबा, म्हणजे खेळातला सर्वांत दुबळा प्राणी. खरा बाउझर शेवटच्या किल्ल्यातच सापडतो.

आठ निराळे राक्षस काढायला जागा कुठली असणार? पण अडचणीतून गोष्ट कशी जन्मली पाहा! शिवाय हा तोतया प्रत्येक वेळी सारखा वागत नाही. सुरुवातीला तो फक्त आग ओकतो. सहाव्या जगापासून हातोडे फेकू लागतो. आठव्यात आग आणि हातोडे दोन्ही. म्हणजे आधी शिकवलेल्या दोन धड्यांची शेवटी एकत्र परीक्षा.

मोजपट्टी बदलू नका

काही वेळा बॉस मुळीच बदलत नाही. तरीही ती पुनरावृत्ती मला योग्य वाटते. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या 'मेगा मॅन' मालिकेत हे दिसते. पहिला खेळ १९८७ चा, दुसरा १९८८ चा. दुसऱ्यात आठ यंत्रमानव बॉस आहेत आणि त्यांच्याशी कोणत्या क्रमाने लढायचे ते आपण ठरवायचे. ज्याला हरवू त्याचे शस्त्र आपल्याला मिळते, आणि ते दुसऱ्या कोणावर तरी विशेष चालते. खेळाच्या शेवटाजवळ एका दालनात आठ दारे असतात. प्रत्येक दारातून गेले, की जुन्या आठांपैकी एकेक पुन्हा पुढे ठाकतो. तोच देह, त्याच चाली.

मग बदलले काय? बदललो आपण. पहिल्या भेटीत हाती साधी बंदूक होती आणि समोरच्याची ओळख नव्हती. आता आठही शस्त्रे जवळ आहेत आणि कोणावर कोणते चालते हे डोक्यात पक्के आहे. ज्याने पूर्वी अर्धा तास रडवले, तो अर्ध्या मिनिटात आडवा होतो. तुमची उंची वाढली की नाही हे पाहायला दरवर्षी भिंतीवरच्या त्याच खुणेपाशी उभे राहावे लागते. खूणच सरकवली, तर वाढ कळणार कशी? पुन्हा भेटणारा बॉस ही तशीच भिंतीवरची खूण आहे.

जागेची टंचाई संपल्यावरही चांगल्या रचनाकारांनी ही युक्ती सोडली नाही. १९९७ साली कोनामी कंपनीचा 'कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाइट' हा खेळ सीडीवर आला. सीडीत साडेसहाशे मेगाबाइट मावतात. जागेची ददात नव्हती. तरी त्यात अर्ध्यावर आल्यावर तोच भलामोठा किल्ला उलटा करून पुन्हा पुढे येतो! छत जमीन होते, जमीन छत होते, आणि शत्रू नवे. ज्या दिवाणखान्यातून आपण आरामात चाललो, तिथेच आता उड्या मारीत वाट शोधावी लागते. हे केवळ काटकसरीचे काम नव्हे. उलटा करूनही चालण्याजोगा किल्ला रचायला आधी पुष्कळ विचार करावा लागतो.

मग फसवणूक कोणती?

पुनरावृत्ती नेहमीच चांगली, असे मात्र मी म्हणणार नाही. १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळात चारच देखावे होते. ते संपले की पुन्हा तेच, थोडे अधिक कठीण. गोष्टीला शेवट नव्हताच. अखेर तो यंत्राच्या चुकीनेच झाला. प्रत्येक पातळीला मिळणारा वेळ काढण्यासाठी यंत्र पातळीच्या क्रमांकाला दहाने गुणून त्यात ४० मिळवीत असे. बाविसाव्या पातळीला उत्तर येते २६०. पण एका बाइटात २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही! तेव्हा २६० मधून २५६ गेले आणि उरले ४. इतक्या थोड्या वेळात टप्पा पुरा होणे शक्य नाही. नायक जागच्या जागी संपतो.

कॅपकॉमच्याच १९८५ च्या 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स'मध्ये तर सारे टप्पे महत्प्रयासाने पार करून राक्षसाला हरवले, की कळते, हा सगळा भ्रम होता. आता पुन्हा पहिल्यापासून खेळा! हा खेळ मुळात नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रावरचा. दुसरी फेरी थोडी अवघड असते हे मान्य, पण नवे शिकवणारे तीत फार थोडे. श्रमाचे चीज होण्याच्या क्षणी माणसाला पुन्हा पायथ्याशी नेऊन सोडणे मला तरी पटत नाही.

आणि अगदी उघड फसवणूक पाहायची असेल, तर घरातल्या मोठ्यांना विचारा. १९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून खेळण्याची स्वस्त यंत्रे आली. ती निंटेंडोच्या यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्या खेळाच्या पेटीला सारे जण कॅसेटच म्हणत, आत फीत नसली तरी. एखाद्या कॅसेटवर मोठ्या दिमाखात छापलेले असे, '९९९९ इन १'. मुले हरखून जात. यादी उघडली, की पहिली काही नावे झाल्यावर तीच नावे पुन्हा सुरू! फार तर एखादा खेळ मधल्याच टप्प्यापासून सुरू व्हायचा. खरे खेळ मूठभर, बाकी नुसता आकड्यांचा फुगा.

या सर्व उदाहरणांवरून मी स्वतःपुरत्या तीन कसोट्या ठरवल्या आहेत. पहिली, पुन्हा येताना काही बदलले आहे काय, टप्प्यात किंवा खेळणाऱ्यात? दुसरी, दोन भेटींत पुरेसे अंतर आहे काय? तिसरी, जुन्याला नवे म्हणून खपवले जात नाही ना? मारिओचे टप्पे आणि मेगा मॅनचे बॉस तिन्ही कसोट्यांना उतरतात. '९९९९ इन १' एकीलाही उतरत नाही.

अंतराचे महत्त्व

दुसऱ्या कसोटीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. मारिओमधले टप्पे पुन्हा येतात ते लगेच नाही; अकरा ते एकोणीस टप्पे मध्ये गेल्यावर येतात. तोवर आपण त्यांना निम्मेअर्धे विसरलेले असतो. आणि गंमत अशी, की हे थोडेसे विसरणेच उपयोगी ठरते.

मारिओच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८८५ साली, हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाचे स्मरणशक्तीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. निरर्थक अक्षरांच्या लांबलचक याद्या स्वतःच पाठ करायच्या, काही काळाने त्या पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजायचे, असे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले. त्यांना आढळले, की विसरलेले वाटते तेही पूर्ण पुसले जात नाही. दुसऱ्यांदा ते लवकर पाठ होते. शिवाय एकाच दिवशी पुष्कळ वेळा घोकण्यापेक्षा तीच घोकणी काही दिवसांवर वाटून दिली, तर कमी श्रमात काम होते. पाचव्या जगात झाडांवरून उड्या मारताना तुमच्या बोटांना आपोआप वाट सापडते, ती यामुळेच. खेळ रचणाऱ्यांनी एबिंगहाउस वाचले होते असा माझा दावा नाही. पण त्यांनी केले ते या नियमाला धरून झाले.

"हे झालंय की, सर!"

आता शेवटचे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. सहावीत आलेला प्रकाश, चुंबक किंवा अपूर्णांक आठवीत, नववीत पुन्हा येतो, तेव्हा वर्गात एकच सूर उमटतो, "हे झालंय की, सर!" मित्रांनो, ते झालेले नसते. तो पाचव्या जगातला तिसरा टप्पा असतो. झाडे तीच, पण फळ्या आखूड झालेल्या. ओळखीचे वाटले म्हणून जो बेफिकिरीने उडी मारतो, तोच खड्ड्यात पडतो. आणि एखाद्या वर्गमित्राला काही कारणाने तेच वर्ष पुन्हा करावे लागले, तर त्याला हसू नका. पुस्तक तेच असले तरी तो तोच राहिलेला नाही. मेगा मॅनच्या दालनात शिरताना जवळची शस्त्रे कोणी काढून घेत नाही.

शिक्षकांनाही माझी एक विनंती आहे. एकाच पद्धतीची वीस उदाहरणे एका रात्रीत सोडवायला देणे, ही '९९९९ इन १'ची कॅसेट आहे. आकडा मोठा, आत तेच ते. त्याऐवजी पाचच द्या. तीन आठवड्यांनी त्यातलेच एखादे, फक्त एक गोष्ट बदलून, पुन्हा द्या. आणि ते जुनेच आहे हे मुलांपासून लपवू नका. "हे पूर्वी अडले होते, आज पाहू काय होते," असे सांगा. पूर्वी जिथे अडलो होतो तिथून सहज पुढे गेल्याचा आनंद नव्या उदाहरणात मिळत नाही. तो जुन्यातच मिळतो.

माझे म्हणणे पटले नसेल, तर स्वतः करून पाहा. चौकटींचा कागद घ्या. आडव्या १६ आणि उभ्या १३ चौकटींचा एक पडदा, असे तीन पडदे आखा. त्यात विटा, खड्डे, फळ्या आणि शत्रू मांडून एक टप्पा रचा. मग त्याची हुबेहूब प्रत काढा आणि तिच्यात फक्त एकच गोष्ट बदला. हवी तर फळी एक चौकट आखूड करा, नाही तर एक शत्रू पुढे सरकवा. मित्राला पहिला कागद आज दाखवा आणि तो कसा पार करशील हे बोट फिरवून सांगायला लावा. दुसरा कागद पंधरा दिवसांनी दाखवा. "हा तर तोच आहे!" असे तो म्हणेल. त्याला म्हणू द्या, आणि त्याचे बोट कुठे अडते ते पाहा.